मांडीवर घेतल्यानंतर : दत्तक कुटुंबाने आपली माणसे कशी शोधावीत

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले आणि ते तिसरे सयाजीराव झाले, ही गोष्ट बडोद्याच्या मराठी घरांत मुलांना झोपताना सांगितली जाते. काळा घोडा चौकातून जाताना त्यांच्या पुतळ्याकडे बोट दाखवून ती पुन्हा एकदा सांगितली जाते. त्याच घरांत शेजारची एखादी मुलगी दत्तक आहे हे सांगण्याची वेळ आली, की मात्र सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही साडेतीन वर्षांची मुलगी घरी आणली, तेव्हा पेढे खाणारे आणि ‘फार पुण्याचे काम केलेत’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ती रात्री दोन वाजता उठून दाराची कडी लागली आहे का ते पाहते, हे नेहमीचे आहे की काळजीचे, एवढे विचारायला मात्र एकही माणूस नव्हता. तो माणूस कुठे आणि कसा शोधायचा, हे पुढे लिहिले आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे आधार नेमका कोणाला हवा आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, पोर्टलवर नाव नोंदवून वाट पाहणाऱ्या जोडप्याची गरज वेगळी असते आणि नुकतेच मूल घरी आलेल्या आईवडिलांची वेगळी. ‘मला जिने जन्म दिला ती कुठे आहे?’ असे विचारू लागलेल्या सात वर्षांच्या मुलाला जे हवे असते, ते त्याच्या पालकांना हवे असलेल्या गोष्टीपेक्षा पुष्कळच निराळे असते. पंचविशी ओलांडलेल्या दत्तक व्यक्तीला तर पालकांच्या मेळाव्यात बसून त्यांच्या काळज्या ऐकण्यात काडीचाही रस नसण्याचा पूर्ण संभव आहे. या सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवले की बोलतात फक्त पालक, कारण संख्या त्यांची जास्त आणि घाईही त्यांनाच जास्त. आम्ही पहिली दोन वर्षे हीच चूक करत होतो.

संस्थेपासून सुरुवात

ज्या विशेष दत्तक संस्थेने तुमच्या घरी येऊन ‘होम स्टडी’ केली, तिथल्या सोशल वर्कर बाई हे पहिले दार होय. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मूल कसे रुळले आहे याचा पाठपुरावा करून अहवाल देणे संस्थेला नियमाने बंधनकारक आहे. बहुतेक कुटुंबे या भेटीला तपासणी समजतात. घर लखलखीत करतात, मुलाला नवे कपडे घालतात आणि ‘सगळे छान आहे’ म्हणून चहा पाजून पाठवणी करतात. आम्हीही पहिल्या भेटीला तेच केले. दुसऱ्या भेटीत आमच्या मुलीने स्वतःच त्या बाईंना स्वयंपाकघरात नेऊन उशीखाली लपवण्यासाठी ती पोळ्या कोणत्या डब्यातून घेते ते दाखवले, तेव्हा आमचे नाटक संपले आणि खरे बोलणे सुरू झाले. संस्थेत वाढलेली पुष्कळ मुले सुरुवातीला अन्न साठवून ठेवतात, त्यावर रागवायचे नसते, डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवायचा असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. भेटीच्या आधी आठवडाभर अडचणींची टिपणे करून ठेवावीत आणि त्यांतली सर्वांत अवघड अडचण प्रथम सांगावी.

याच बाईंना आणखी एक विनंती करावी, पण तिची शब्दरचना महत्त्वाची आहे. ‘तुमच्याकडच्या इतर कुटुंबांचे नंबर द्या’ असे म्हटले तर नकार मिळेल आणि तो योग्यच असेल, कारण ती माहिती गोपनीय असते. त्याऐवजी ‘आमच्या आधी दोन-चार वर्षे ज्यांच्या घरी मूल आले आहे आणि ज्यांची भेटायची तयारी आहे, अशा कुटुंबांना आमचा नंबर द्याल का?’ असे विचारावे. आमच्या बाबतीत दीड महिन्याने एक फोन आला. पलीकडून एक गृहस्थ संकोचून म्हणाले, ‘ताई, आमच्याकडे पण असेच आहे, एवढे सांगायला फोन केला.’ त्या एका वाक्याचा आधार मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

मूल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतून आले असेल, आणि देशभर एकच यादी असल्यामुळे तसे होतेच, तर ती संस्था दूर राहते आणि पाठपुरावा इथली संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. अशा वेळी दोन्हीकडच्या माणसांशी संबंध ठेवावा. मूल मोठे असेल तर भाषेचाही प्रश्न येतो. घरात मराठी, अंगणात गुजराती आणि मुलाच्या तोंडी ओडिया, अशी स्थिती असलेले एक कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. त्यांनी रिफायनरीत नोकरी करणारे एक ओडिया कुटुंब शोधले आणि दर रविवारी तासभर मुलाला त्यांच्याकडे नेले. त्या तासात मूल पोटभर बोलायचे. बडोद्यासारख्या कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या गावात बहुतेक भाषांची माणसे सापडतात. फक्त शोधायचे सुचले पाहिजे.

मात्र संस्थेचा हा आधार नियमाप्रमाणे दोन वर्षांनी थांबतो, आणि मुलांचे खरे प्रश्न साधारण त्याच सुमारास सुरू होतात. म्हणून स्वतःचा गोतावळा त्याआधीच उभा करायला लागावे.

घरचीच माणसे

आपल्याकडे नात्यातले दत्तक पूर्वापार चालत आले आहे. निपुत्रिक काकांनी पुतण्याला मांडीवर घेतले, मावशीने भाचीला वाढवले, असे एखादे उदाहरण नसलेले मराठी घर विरळाच. गुजरातीतही ‘खोळे लेवुं’ म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच मांडी पाहिली, ही मला गमतीची गोष्ट वाटते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली झालेल्या अशा दत्तकांत बहुधा संस्था नसते, समुपदेशन नसते आणि पाठपुरावाही नसतो. त्या वेळी ‘दत्तक गेलेली’ मुले आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांना कोणी कधी काही विचारलेले नाही. तुमच्या ओळखीत असे काका किंवा आत्या असतील, तर त्यांच्याकडे जावे, सल्ला न मागता त्यांचे ऐकावे. माझ्या सासऱ्यांचे एक मित्र, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहणारे, मला म्हणाले, ‘मला माहीत होते. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हते. त्यामुळे मला आयुष्यभर दोघांनाही सांभाळावे लागले.’ मुलापासून दत्तकाची गोष्ट लपवू नये याचे एवढे थोडक्यात दिलेले कारण मला त्यानंतर कुठे मिळालेले नाही.

आजी-आजोबांना मात्र वेगळी मदत लागते. त्यांच्या शंका आईवडिलांच्या शंकांपेक्षा निराळ्या असतात, म्हणजे कुळाचार, गोत्र, लोक काय म्हणतील, आणि ‘नाक कोणावर गेलेय?’ असे भर हळदीकुंकवात कोणी विचारले तर काय सांगायचे. सून किंवा लेक समजावू लागली की ते उपदेशासारखे वाटते, पण दुसऱ्या एखाद्या दत्तक नातवंडाच्या आजीने तेच सांगितले की पटते. म्हणून ओळख झालेल्या कुटुंबातल्या आजीला संक्रांतीच्या बोरन्हाणाला मुद्दाम बोलवावे. आमच्या मुलीचे बोरन्हाण ती चार वर्षांची असताना, जरा उशिरानेच, झाले. तेव्हा त्या आजींनी माझ्या सासूबाईंना बोरे, चुरमुरे आणि हलवा मुलीच्या डोक्यावरून ओतता ओतता काय सांगितले ते मला कळले नाही, पण त्यानंतर सासूबाईंनी ‘आमच्याकडे आणलेली’ हा शब्द वापरणे सोडून दिले.

चार कुटुंबांचा गट

तीन-चार कुटुंबांची ओळख झाली की गट करावा, संस्था करू नये. चार मराठी माणसे जमली की मंडळ स्थापन होते, त्याचा अध्यक्ष निवडला जातो आणि दोन वर्षांत त्याची दोन मंडळे होतात, हा आपला जुना अनुभव आहे. नोंदणी, पावतीपुस्तक आणि वार्षिक सभा यांची इथे काहीही गरज नाही. दोन महिन्यांतून एकदा, दोन तास, आणि कोणाच्या घरी न भेटता बाहेर भेटणे बरे, कारण घरी भेटले की यजमानीणबाई स्वयंपाकघरात अडकतात आणि बोलायचे ते राहून जाते. आम्ही कमाटीबागेत भेटतो. घरून डबे आणायचे असतात आणि ज्याला बोलावेसे वाटत नाही, त्याने मुलांबरोबर फिरायला जायचे असते.

आमचे नियम मोजकेच आहेत आणि ते पहिल्याच दिवशी ठरले. मुलाच्या जन्माबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, ते गटात कोणीही सांगायचे नाही. मूल कुठे सापडले, कोणी सोडले, कागदावर काय लिहिले आहे, हे सगळे त्या मुलाचे आहे, आपल्याकडे ती केवळ ठेव आहे. सहानुभूतीच्या भरात एखादी आई हे बोलून जाते, ते दुसऱ्या आईला कळते, तिच्या मुलाला कळते, आणि पुढे दहाव्या वर्षी स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत खाजगी गोष्ट त्या मुलाला मित्राच्या तोंडून ऐकावी लागते. आपल्या स्वतःच्या भीतीबद्दल, रागाबद्दल, थकव्याबद्दल हवे तेवढे बोलता येते, आणि खरे तर त्याचसाठी आपण जमलेले असतो. दुसरा नियम असा की मुलांचे फोटो काढून स्टेटसवर ठेवायचे नाहीत. तिसरा नियम, मुले जवळ असताना त्यांच्याविषयी बोलायचे नाही, ती खेळात गर्क दिसत असली तरीही.

मुलांना एकमेकांशी ओळख करून देताना ‘हा पण तुझ्यासारखाच आहे’ असे सांगू नये. त्यांना एकत्र सोडावे आणि लांब बसावे. बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. एकदा पावसामुळे आम्ही सगळे तिथे शिरलो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि एक सहा वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर त्या सांगाड्याच्या बरगड्या मोजत होता. मोजता मोजता त्याने विचारले, ‘तू पण संस्थेतून आलीस का?’ ती म्हणाली, ‘हो. मी आले तेव्हा माझ्या पायात लाल चपला होत्या.’ त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘माझ्याकडे काही नव्हते. मला फक्त खोकला होता.’ दोघे खो खो हसले, आणि मोजणी चुकल्यामुळे पुन्हा पहिल्या बरगडीपासून सुरू झाली. लाल चपलांचा उल्लेख तिने आमच्यापाशी तोवर कधीही केला नव्हता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मीही केला नाही.

गटाचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो याचे एक उदाहरण देते. मुलगी तिसरीत असताना शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला आणि आईवडिलांपैकी कोणाचे डोळे, कोणाचे केस आपल्याला मिळाले ते लिहायला सांगितले. तिने कोरा कागद नेला आणि वर्गात बोलणी खाल्ली. मी तावातावाने पत्र लिहायला बसले होते, पण गटातल्या एका अनुभवी वडिलांनी ते थांबवले. ‘पत्राने बाई बचावात्मक होतील. पर्यायी गृहपाठ घेऊन जा,’ ते म्हणाले. आम्ही ‘माझी माणसे’ नावाचा, झाडाऐवजी घराचा आराखडा नेला, ज्यात कोण कुठे राहते आणि कोण काय शिकवते ते लिहायचे होते. बाईंनी तो सबंध वर्गालाच दिला, कारण आजोळी वाढणारी आणि वडील नसलेली मुलेही त्या वर्गात होती. असा शहाणपणा पुस्तकात सापडत नाही, तो आपल्यापेक्षा तीन वर्षे पुढे असलेल्या माणसाकडे असतो.

गटात निवड करताना हेच लक्षात ठेवावे. कागदपत्रांसाठी अलीकडची कुटुंबे उपयोगी पडतात, कारण १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात आणि त्याआधीच्या पालकांचा अनुभव आता लागू पडत नाही. मूल वाढवण्याच्या बाबतीत मात्र जुनीच कुटुंबे हवीत.

फोनवरचे गट

मोठ्या गावांतल्या आणि देशभरातल्या पालकांचे व्हॉट्सॲप व फेसबुकवर गट आहेत आणि प्रतीक्षेच्या काळात त्यांचा चांगला उपयोग होतो. गटात शिरल्यावर पंधरा दिवस काही न लिहिता वाचत राहावे. प्रौढ दत्तक व्यक्ती त्यात आहेत का, आणि त्या काही टोचणारे बोलल्या तर पालक त्यांचे ऐकतात की त्यांना गप्प करतात, हे पाहावे. या एका कसोटीवर गटाची पारख होते. नोव्हेंबर हा दत्तक जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो, त्या सुमारास कार्यक्रम आणि ऑनलाइन भेटी बऱ्याच होतात, तेव्हा नव्या ओळखी करून घ्याव्यात.

एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘आईवडील अपघातात गेले, दोन महिन्यांची मुलगी आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा’ असे निरोप या गटांत अधूनमधून फिरतात. ते पुढे पाठवू नयेत आणि त्यातल्या नंबरावर फोनही करू नये. कायदेशीर प्रक्रिया डावलून अनाथ, सोडलेले किंवा स्वाधीन केलेले मूल दत्तक देणे-घेणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाच्या विक्रीची शिक्षा याहून कडक आहे. मूल खरोखर अडचणीत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. गटाचा चालक असे निरोप तत्काळ काढून टाकत नसेल तर गट सोडावा.

समुपदेशक

सगळेच मित्रमंडळींत सुटत नाही. समुपदेशक निवडताना पदवीबरोबर ‘दत्तक कुटुंबांबरोबर तुम्ही काम केले आहे का?’ हे विचारावे. मुलाच्या प्रत्येक अडचणीचे मूळ दत्तकातच शोधणारा आणि ‘दत्तकाचा काही संबंध नाही’ म्हणून तो विषयच उडवून लावणारा, असे दोघेही टाळावेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आणि मानव विकास व कुटुंब अभ्यासाचा विभाग आहे. तिथे जाऊन शहरातल्या जाणकारांची नावे विचारता येतात. रात्री-अपरात्री कोणाशी बोलणे तातडीचे झाले, तर १४४१६ ही टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेची मोफत हेल्पलाइन आहे.

मोठ्या झालेल्या दत्तकांसाठी

तुम्ही स्वतः दत्तक असाल आणि समवयस्क दत्तक व्यक्तींच्या शोधात असाल, तर पालकांच्या गटातून सुरुवात करणे तुमच्यावर बंधनकारक नाही. तिथे तुमच्याकडून अनेकदा नकळत एक अपेक्षा असते, ती अशी की तुम्ही कृतज्ञ, सुखी आणि यशस्वी असावे, म्हणजे तरुण आईबापांना धीर येईल. ‘तुझ्यावर केवढे उपकार झाले’ हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर ऐकले आहे, त्यांना केवळ दत्तक व्यक्तींची बैठकच मोकळी वाटते, आणि अशा बैठका आता ऑनलाइनही होतात. पालकांच्या गटात बोलावणे आले तर काय बोलायचे आणि काय नाही हे आधी ठरवून कळवावे.

जन्मकुटुंबाचा शोध घ्यावा की नाही, हा प्रश्न तुमचा आहे आणि त्याला वयाची मुदत नाही. नियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतंत्रपणे संस्थेकडे किंवा काराकडे अर्ज करू शकते, त्याहून लहान असल्यास पालकांसह संयुक्त अर्ज करावा लागतो. त्रयस्थाला हा शोध घेण्याची परवानगी नाही, त्यामुळे पैसे घेऊन ‘शोधून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहावे. जन्मदात्यांनी मूल स्वाधीन करताना आपली ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल तर त्यांच्या संमतीशिवाय त्यांची ओळख सांगितली जात नाही, आणि मूल सापडलेले असेल तर कागदावर एखादी तारीख आणि जागा यापलीकडे काही नसण्याची शक्यता असते. अर्ज करण्यापूर्वी ज्याने हा मार्ग चालून पाहिला आहे अशा माणसाशी बोलावे आणि संस्थेत जाताना कोणाला तरी बरोबर न्यावे. त्यांनी आत यायची गरज नसते, बाहेरच्या बाकावर बसले तरी चालते.

पालकांना अशा शोधात आपला पराभव दिसतो. त्यांच्यासाठी पुन्हा सयाजीरावांकडे जाते. दत्तक गेल्यावरही त्यांचा भावांशी संबंध तुटला नव्हता. धाकटे भाऊ संपतराव बडोद्यातच होते आणि त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला. राजघराण्याच्या दत्तकात वारसाचा स्वार्थ होता आणि आपल्या दत्तकाशी त्याची तुलना फार ताणू नये, पण एक नाते जोडायला दुसरे पुसावे लागत नाही, एवढे त्यातून दिसते. आमच्या मुलीची संस्थेतली सर्व कागदपत्रे एका फाइलमध्ये आहेत, फाइल कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते तिला माहीत आहे आणि ती मागेल त्या दिवशी द्यायची असे ठरले आहे.

ती आता आमच्या गटाच्या भेटींना येत नाही. गटातल्या आणखी दोन मुलींसह ती महिन्यातून एखाद्या शनिवारी सुरसागरच्या काठावर भेटते. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार ते तिघी सांगून जातात, काय बोललो ते सांगत नाहीत.